पडझडीचे भागीदार

अतिमानवी वीरांच्या विनोदी चित्रकथा म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे मानणाऱ्या पंडितांनी मार्व्हल प्रकाशनाच्या ‘डॅमेज कंट्रोल’चे १९८९ साली निघालेले अंक वाचावेत. लेखक ड्वेन मॅकडफी, चित्रकार एर्नी कोलोन. वीर लढून निघून जातात. न्यूयॉर्कमधील कोसळलेल्या इमारती पुन्हा उभारते एक कंपनी. तिची निम्मी मालकी उद्योगपती टोनी स्टार्कची, निम्मी गुन्हेगारांचा म्होरक्या विल्सन फिस्कची! हा स्टार्क म्हणजेच ‘आयर्न मॅन’. पाडणाऱ्यांत तोच, बांधणाऱ्यांतही तोच. वैर रस्त्यावर, भागीदारी हिशेबवहीत! भांडवलशाहीचे याहून नेमके व्यंगचित्र क्वचितच आढळेल. मात्र ढिगारा उपसणाऱ्या मजुराचा आणि घर गमावलेल्या भाडेकरूचा त्या नफ्यात वाटा कोणता, हा प्रश्न हसू ओसरल्यावर वाचकानेच विचारला पाहिजे.