जुन्या गेम कन्सोलचे चित्र बिघडते कुठे?

सोनीने १९८९ मध्ये बाजारात आणलेला ४३ इंची, सुमारे २०० किलो वजनाचा पिक्चर ट्यूबचा दूरचित्रवाणी संच जपानमधील ओसाका शहरातल्या एका उपाहारगृहातून उतरवून अमेरिकेत नेण्यात आला, ही बातमी डिसेंबर २०२४ मध्ये जगभर गाजली. या उपद्व्यापाला संग्राहकांचे वेड म्हणून हसता येईल. मात्र त्यामागची तांत्रिक अडचण खरी आहे आणि माळ्यावरचा जुना प्लेस्टेशन खाली काढून नव्या टीव्हीला जोडू पाहणाऱ्या कोणालाही ती भेडसावते. चित्र फिकट आणि पसरट दिसते, बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते आणि दोष साहजिकच जुन्या यंत्राच्या माथी मारला जातो.

वास्तविक यंत्राचे चित्र आजही पूर्वीइतकेच नेटके असते. निन्टेन्डोचा एनईएस, सेगाचा मेगा ड्राइव्ह किंवा पहिला प्लेस्टेशन हे कन्सोल बहुतेक खेळांत साधारण २४० ओळींचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवीत. पाल पद्धतीच्या देशांत ५० वेळा. प्रक्षेपणाच्या रीतीनुसार आधी विषम आणि मग सम ओळी रेखाटून पूर्ण चित्र तयार होते. कन्सोलनी या रीतीला बगल देऊन दर फेरीला त्याच ओळींवर चित्र काढण्याची युक्ती योजली. पिक्चर ट्यूबला त्याचे काहीच वावडे नव्हते. एलसीडी संच मात्र बहुधा या संकेताला अर्धे चित्र समजतो आणि लागोपाठची दोन चित्रे एकमेकांत विणू पाहतो. त्यात कडा दातेरी होतात, लुकलुकणाऱ्या सावल्या नाहीशा होतात आणि या प्रक्रियेत वेळही जातो. ‘डक हंट’ची बंदूक तर पडद्यावरचा प्रकाश नेमक्या क्षणी टिपण्यावर अवलंबून असल्याने नव्या संचासमोर निकामीच ठरते.

केबलचा प्रश्न यानंतरचा. पिवळ्या पिनेच्या कॉम्पोझिट केबलमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात व संचाला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. रंग ओघळतात ते इथे. एस-व्हिडिओ दोन्ही वेगळे ठेवतो, कॉम्पोनंट आणि आरजीबी त्याहून सरस. फ्रान्सने १९८०च्या दशकात स्कार्ट जोडणी सक्तीची केल्याने युरोपातील सामान्य घरांतही आरजीबी पोहोचला. भारतात स्कार्ट कधी रुळलाच नाही. अर्थात महागडी केबल म्हणजे उत्तम चित्र, हे समीकरणही सरसकट खरे नाही. ‘सॉनिक’च्या १९९१ मधील पहिल्या खेळातला धबधबा पारदर्शक भासतो, तो कॉम्पोझिटमध्ये शेजारच्या उभ्या रेघा मिसळून जातात म्हणूनच. एनईएसमधून तर आतील जोडणी बदलल्याशिवाय आरजीबी मिळतच नाही.

लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळणाऱ्या एचडीएमआय डब्या ग्राहकाला सर्वांत जवळच्या वाटतात. त्या पिन बदलून देतात. २४० ओळींना ४८० समजण्याची चूक मात्र बहुतेक डब्यांतही तशीच राहते. शिवाय चौकोनी चित्र ताणून रुंद केले जाते. ओएसएससी किंवा रेट्रोटिंक यांसारखी खास उपकरणे मूळ संकेत ओळखतात, पण २०२३च्या अखेरीस आलेल्या रेट्रोटिंक ४केची किंमत ७५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या प्लेस्टेशन ५ पेक्षाही जास्त होती. ती सर्वांनी घ्यावी असे नाही. प्लेस्टेशन २ किंवा वी असेल आणि टीव्हीला कॉम्पोनंटची सोय असेल, तर ती केबल व संचातील ‘गेम मोड’ एवढ्यावर बऱ्यापैकी भागते. पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ प्लेस्टेशन २ वर लावले, तर मात्र काही संच २४० ओळींचा संकेत कॉम्पोनंटवरून स्वीकारतच नाहीत. पडदा कोरा राहिला म्हणून केबल फेकू नये.

हा भुर्दंड ग्राहकाच्या गळ्यात का पडावा? टीव्ही कंपन्यांनी जुनी छिद्रे एकेक करून बुजवली. निन्टेन्डोने २०१६ आणि २०१७ मध्ये एचडीएमआयचे छोटे कन्सोल काढले खरे, पण त्यांत जुनी काडतुसे बसत नाहीत. ठरावीक खेळ पुन्हा विकत घ्यावे लागतात. ज्यांच्याकडे मूळ खेळ आहेत, त्यांच्यासाठी या उद्योगाने जवळपास काहीच केलेले नाही.

पिक्चर ट्यूबकडे परतण्याचा मार्गही अरुंद होत चालला आहे. मराठवाड्यात पाय रोवलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूब व्यवसाय विकत घेतला, तेव्हाच सपाट पडदे स्वस्त होऊ लागले होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरात चालू स्थितीतला जुना संच असेल, तर तो भंगारात देण्याची घाई करू नये. बंद पडला, तरी स्वतः उघडू नये, कारण वीज तोडल्यावरही ट्यूबमध्ये उच्च दाबाचा विद्युतभार उरू शकतो. आणि टाकायचाच झाला, तर काचेतील शिशामुळे तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावा.