दारात खाण, तरी खत महाग!

"मार्केट ठरवतं रे, सरकार काय करणार?" शेतीचा विषय निघाला की आपल्या आयटीवाल्या मंडळींचं हे ठरलेलं वाक्य. त्याला जोडून दुसरं, "शेतकरी काय, कुठेही गेलात तरी रडतोच." ठीक आहे. भारत, कर्जमाफी, हमीभाव हे सगळं आज बाजूला ठेवू. दोन श्रीमंत देश घेऊ. दोघांत मुक्त व्यापाराचा करार आहे, भाषा (क्युबेक सोडलं तर) एक आहे, बियाणं विकणाऱ्या कंपन्याही त्याच. कॅनडा आणि अमेरिका. ओंटारिओतला शेतकरी मका लावतो आणि सीमेपलीकडे मिशिगनमधलाही मकाच लावतो. दोघांच्या मक्याचा भाव शिकागोच्या वायदे बाजाराकडे बघून ठरतो. आणि खताचा? तो मात्र दोघांना एकच असेल याची गॅरंटी नाही.

मुळात फरक आहे की नाही हे बघायलाही आधी गणित करावं लागतं. समजा, ओंटारिओत युरिया ८०० डॉलर टन आणि अमेरिकेत ५५० डॉलर टन. म्हणजे कॅनडात २५० डॉलर महाग? थांबा. इथे दोन बग आहेत. एक म्हणजे डॉलर वेगळे. दुसरा म्हणजे टन वेगळे! कॅनडाचा टन १००० किलोचा, अमेरिकेचा 'शॉर्ट टन' २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. एक कॅनेडियन डॉलर ७२ अमेरिकन सेंटचा धरला तर ते ८०० डॉलर होतात सुमारे ५२२ अमेरिकन डॉलर शॉर्ट टनाला. म्हणजे कॅनडाच स्वस्त निघाला. (आकडे उदाहरणापुरते आहेत, कोणी कॉपी-पेस्ट करू नये :) )

तेव्हा "कॅनडावाले नेहमीच जास्त मोजतात" असं सरसकट विधान मी करणार नाही. हंगामाप्रमाणे आणि खताप्रमाणे पारडं इकडे तिकडे झुकतं. माझा मुद्दा वेगळा आहे. हा फरक आकाशातून पडत नाही. खत कुठे तयार होतं याला भावाच्या हिशोबात फारसं महत्त्व नसतं. शेतकऱ्याला दुसरा पर्याय काय आहे, यावर भाव ठरतो. आणि हे पर्याय दोन्हीकडच्या सरकारांनी आणि कंपन्यांनी मिळून कापलेत. याला मार्केट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पोटॅशपासून सुरुवात करू. जगातलं सुमारे एक तृतीयांश पोटॅश कॅनडात निघतं, जवळजवळ सगळं सास्काचेवान प्रांतातून. आता तिथल्या शेतकऱ्याला ते मातीमोल भावात मिळायला हवं, नाही का? नाही मिळत. खाणवाला विचार करतो की हाच माल इलिनॉयला किंवा ब्राझीलला पाठवला तर हातात काय उरेल. तोच भाव घरच्या गिऱ्हाइकालाही. गंमत म्हणजे त्या भागातल्या बऱ्याच जमिनींत पालाश मुळातच भरपूर असल्याने तिथे पोटॅश फारसं लागतही नाही. जे लागतं ते नत्र. ते बनतं नैसर्गिक वायूपासून, आणि शेजारच्या अल्बर्टातला वायू बहुतेक वेळा अमेरिकेतल्यापेक्षा स्वस्त असतो. पण युरियाचा भाव काढताना न्यू ऑर्लिन्सच्या बंदरातला भाव बघतात. स्वस्त वायूचा फायदा कारखान्याला, शेतकऱ्याला बाहेरचा भाव.

त्यात विकणारे किती? २०१८ मध्ये पोटॅशकॉर्प आणि अॅग्रियम एकत्र येऊन न्यूट्रिएन झाली. खाण त्यांची, नत्राचे कारखाने त्यांचे आणि गावातलं खताचं दुकानही बरेचदा त्यांचंच. या विलीनीकरणाला कॅनडाच्या स्पर्धा आयोगाने एकही अट न घालता मोकळी वाट दिली. निदान दोन कारखाने विकायची अट तरी घातली, ती अमेरिकेने.

आता २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये कॅनडाने रशियन मालावर ३५ टक्के आयात कर लावला. त्यात खतही आलं. पूर्व कॅनडा, म्हणजे ओंटारिओ, क्युबेक आणि अटलांटिक किनाऱ्याचे प्रांत, नत्रखतासाठी मोठ्या प्रमाणावर रशियावर अवलंबून होता. अल्बर्टाचे कारखाने हजारो किलोमीटर लांब. तिथून रेल्वेने आणण्यापेक्षा समुद्रातून बोटीने आणणं सोयीचं पडायचं. पेरणी तोंडावर आलेली. ज्यांनी २ मार्चच्या आधी ऑर्डर दिल्या होत्या, त्यांच्या मालालाही सूट मिळाली नाही.

त्याच काळात अमेरिकेने काय केलं? निर्बंधांतून खत मुद्दाम वगळलं आणि अन्नसुरक्षेचं कारण उघडपणे सांगितलं. एवढंच नाही. रशियाच्या यूएएन (द्रवरूप नत्रखत) वर जादा कर लावावा म्हणून एका अमेरिकन उत्पादक कंपनीने अर्ज केला होता, तो जुलै २०२२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने फेटाळला. अमेरिकेच्या बंदरांत रशियन खत उतरत राहिलं.

म्हणजे बघा, मका विकायचा शिकागोच्या भावाने आणि खत घ्यायचं ओटावाच्या कराने. हा फरक सहन कोणी करायचा? शेतकऱ्याने. तो आपला खर्च पुढे ढकलू शकत नाही. आपण क्लायंटला चेंज रिक्वेस्टचं बिल लावतो, त्याला ती सोय नाही. आणि फक्त रशियन खतच महागतं असं नाही. आधीचा सर्वात स्वस्त पर्याय ३५ टक्क्यांनी वर गेला हे इतर विक्रेत्यांनाही दिसतंच. तेही मग हात मोकळा सोडतात.

कोणी म्हणेल, "मग रशियाला धडा शिकवायचा नाही का?" शिकवा की! पण बोट सेंट लॉरेन्स नदीत न वळता न्यू ऑर्लिन्सला गेली तर रशियाचं काय बिघडलं? आणि देशाला युक्रेनची बाजू घ्यायची असेल, जी घ्यायलाच हवी, तर त्याचा खर्च सगळ्या करदात्यांनी उचलावा. टोरंटोतल्या बँकवाल्याने ट्विट करायचं आणि बिल मका लावणाऱ्याने भरायचं, हा कुठला न्याय? पुढे २०२३ च्या बजेटमध्ये पूर्वेच्या शेतकऱ्यांसाठी ३ कोटी ४१ लाख डॉलर ठेवले, पण ते नत्राचा वापर सुधारण्याच्या योजनेतून. ज्याने जितका भुर्दंड भरला तितके परत, असं नाही. घर जळाल्यावर अग्निसुरक्षेचा कोर्स फुकट देण्यातला प्रकार.

अमेरिकन शेतकऱ्याचं तरी सगळं छान चाललंय का? मुळीच नाही. २०२१ मध्ये मोरोक्को आणि रशियाच्या फॉस्फेट खतावर अमेरिकेने जादा कर बसवला. मोरोक्कोच्या कंपनीवर सुरुवातीला जवळपास २० टक्के. मागणी कोणाची? मोझॅक या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या फॉस्फेट उत्पादकाची. मका उत्पादकांच्या संघटनेने विरोध केला, पण उपयोग झाला नाही. (हीच मोझॅक सास्काचेवानमध्ये पोटॅशच्या खाणी चालवते. देशभक्ती सोयीप्रमाणे असते.) आणि कॅनडा फॉस्फेट मुख्यतः अमेरिकेतूनच घेतो, तेव्हा तिथल्या चढ्या भावाची झळ सीमा ओलांडून इकडेही येते.

मग मार्च २०२५. अमेरिकेने कॅनडाच्या मालावर २५ टक्के कर लागू केला. पोटॅशसकट! अमेरिका आपलं ८० टक्क्यांहून जास्त पोटॅश कॅनडातून घेते. न्यू मेक्सिको आणि युटातल्या खाणींतून गरज भागत नाही. काही दिवसांतच चूक लक्षात आली. व्यापार कराराच्या नियमांत बसणाऱ्या मालाला सूट मिळाली आणि उरलेल्या पोटॅशवरचा कर १० टक्क्यांवर आला. पण ऐन पेरणीच्या तोंडावर अनिश्चितता पसरली ती पसरलीच.

शेवटचा मुद्दा माझ्या आवडीचा, डेटा. अमेरिकेचं कृषी खातं इलिनॉयमधले खतांचे किरकोळ भाव दर दोन आठवड्यांनी छापतं. शेतकरी तो कागद दुकानदारापुढे ठेवून घासाघीस करू शकतो. कॅनडाची सांख्यिकी संस्था देशपातळीवर देते तो निर्देशांक. खत किती टक्क्यांनी वाढलं ते कळतं, पण आज टनाला किती डॉलर ते नाही. अल्बर्टासारख्या एखाद्या प्रांताचे सरासरी भाव मिळतात, बाकी शेजाऱ्याला फोन करा. आपल्याकडे ४५ किलोच्या युरियाच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात. बाकीचा खर्च सरकार उचलतं आणि त्या स्वस्ताईपायी युरिया नको तितका टाकला जातो. हे दुसरं टोक झालं, ते कॅनडाने घ्यावं असं मी म्हणत नाही. पण सबसिडी न देताही भाव उघड करता येतो. त्याला एक सर्व्हे, एक डेटाबेस आणि एक वेबपेज लागतं. आपल्यापैकी चार जण महिन्याभरात करून देतील.

मागण्या साध्या आहेत. परराष्ट्र धोरणापायी खतावर कर लावायचा असेल तर ज्याने जितका भरला त्याला तितका थेट परत द्या, योजनांच्या वळणाने नको. आधी दिलेल्या ऑर्डरी करातून वगळा. खाण, कारखाना आणि दुकान एकाच मालकाकडे जात असेल तर विनाअट परवानगी देऊ नका. आणि भाव छापा, डॉलरमध्ये, दर आठवड्याला, वजनाच्या युनिटसकट.

एवढं केल्यावरही दोन देशांत फरक राहिला तर तो वाहतुकीचा, हवामानाचा असेल. त्याला खुशाल मार्केट म्हणा, मी वाद घालणार नाही. तोपर्यंत "मार्केट ठरवतं" हे वाक्य जरा जपून वापरा. बरेचदा मार्केटच्या आधी एक मंत्री आणि एक कंपनी ठरवून गेलेले असतात.

असो. तूर्तास इतकंच.