दप्तरात पुडी सापडली तर

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आपण परीक्षेच्या दिवसांतल्या डब्याविषयी बोललो होतो. आजचा विषय जरा जड आहे, पण एका वाचक भगिनीचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. नाव-गाव अर्थातच देत नाही.

त्यांचा मुलगा नववीत आहे. रविवारी दप्तर धुवायला काढलं, तर आतल्या कप्प्यात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. पुडी नेमकी तीच, जी त्यांचे यजमान खातात. बाईंनी दप्तर धुऊन वाळत घातलं, पुडी डाळीच्या डब्यामागे लपवली आणि चार दिवस कुणाशी काही बोलल्या नाहीत. विचारतात, "ह्यांना सांगितलं तर पट्टा काढतील. नाही सांगितलं तर उद्या सगळं माझ्यावर येईल. आणि जे वडील करतात, ते करू नकोस असं मी मुलाला कुठल्या तोंडाने सांगू?"

ताई, ह्यांना सांगायचंच. चोरून ठेवलेली गोष्ट मुलाच्याही लक्षात येते. पुडी गेली, आई गप्प आहे, म्हणजे आई सांभाळून घेणार, असं तो धरून चालतो. मात्र सांगायचं ते मुलगा शाळेत असताना, आणि आधी शब्द घेऊन: हात उचलायचा नाही. मार खाल्लेला मुलगा तंबाखू सोडत नाही, पुडीची जागा बदलतो. मी आठवी-नववीला अर्धवेळ शिकवते, त्या वयाची मुलं रोज पाहते. ती माराला भीत नाहीत म्हणा ना, चारचौघांत अपमान झाला की मात्र कायमची मिटून जातात.

मग मुलाशी बोला. शाळेतून आल्या आल्या नको. पोटात चार घास जाऊ द्या. धाकटी भावंडं आणि सासूबाई आसपास नकोत. पहिला प्रश्न आपल्या तोंडी हमखास येतो तो म्हणजे "कुणी शिकवलं?" तो गिळा. त्यात त्याला मित्राचं नाव सांगावं लागतं, आणि ते तो मेला तरी सांगणार नाही. विचारायचं ते असं: कधीपासून? दिवसातून किती वेळा? नाही खाल्ली तर काय होतं? एकदा गंमत म्हणून चाखणारा वेगळा आणि सकाळी उठल्यावर चिमूट लागणारा वेगळा. पुढे काय करायचं ते ह्या उत्तरावर ठरतं. आणि कृपा करून "माझी शपथ घे" म्हणू नका. शपथ मोडली की तो आईचा गुन्हेगार होतो आणि पुढच्या वेळी खरं सांगायची वाटच बंद होते.

आता वडिलांचं. "बाबा पण खातात" हे उत्तर येणारच, आणि ते खरंही आहे. ह्यावर "मोठ्यांचं वेगळं असतं" हे सांगणं म्हणजे त्याला मोठं व्हायची घाई लावणं. त्यापेक्षा वडिलांनीच सांगावं, मी किती वर्षं खातो, किती वेळा सोडायला गेलो, का जमलं नाही. पुरुषांना हे अवघड जातं, मला ठाऊक आहे. पण दोघांनी एकाच दिवशी सोडायची ठरवली तर त्यासारखं दुसरं काही नाही. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारी मोफत फोन आहे, १८००-११-२३५६.

खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत पुडीची ओळख आपणच करून देतो. "बाळ, कोपऱ्यावरून आजोबांची पुडी आण, उरलेल्या पैशांची गोळी घे." सहा-सात वर्षांचं पोर टपरीवाल्याला नावानिशी ओळखू लागतं. कितीतरी घरांत बायका स्वतः तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात आणि दात घासायला लेकीच्या बोटावरही देतात. तो तंबाखूच, दंतमंजन नव्हे. २०१९ साली देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तीत सुमारे साडेआठ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळली. आणि तोंडात धरायचा तंबाखू वापरणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या आसपास मुलांनी सुरुवात केली होती ती वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आधी! दहाव्या वर्षाआधी वाईट संगत कुठली? घर आणि कोपरा, एवढंच तर जग असतं.

कायदाही ऐकून ठेवा. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कुणालाच नाही. बालकाच्या हाती दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरीवाल्याशी एकट्या भांडू नका; चार-पाच जणी मिळून मुख्याध्यापकांकडे जा आणि शाळेकडून तक्रार करवा.

सुपारीला आपण फारच सोपं समजतो. "नुसता मसाला खातो हो, तंबाखू नाही त्यात." सुपारी एकटीच तोंडाच्या कर्करोगाला कारण होते आणि तोंडाचा आतला भाग ताठ करते. ह्याची खूण स्वयंपाकघरातच सापडते. काल-परवापर्यंत ठेचा चाटूनपुसून खाणारा मुलगा आमटीही तिखट लागते म्हणू लागला, तोंडात आग होते म्हणाला, तर त्याला तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी धरून आत जात नसतील, तर दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. तोंड एकदा आखडलं की पुरतं पूर्ववत होत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत घेऊन पोरं मिसळतात.

दारूची गाठ थोडी पुढे पडते. हळदीचा कार्यक्रम, विसर्जनाची मिरवणूक, ३१ डिसेंबर. राज्यात दारूसाठी २५ आणि बिअरसाठी २१ वर्षांची अट आहे, पण दादाच्या मित्रांत वय कोण विचारतो! ह्यांची मित्रमंडळी घरी बसणार असतील तर बर्फ आणि चकणा पोचवायला मुलाला पाठवू नका. चमचाभर चाखवणारा एखादा काका प्रत्येक मंडळीत असतो. त्याला तिथल्या तिथे, हसून का होईना, पण "भावोजी, हे आमच्यात चालत नाही" म्हणायचं.

नाही कसं म्हणायचं, हेही मुलांना आधी सुचवून ठेवावं लागतं. वर्गात मी एकदा मुलांनाच विचारलं. "वाईट असतं" म्हणणाऱ्याची टिंगल होते, असं सगळ्यांनी सांगितलं. "आमची आई तोंडाचा वास घेते, घरात घेणार नाही" हे मात्र चालतं म्हणे! तेव्हा आपल्या नावावर खुशाल खपवू द्या. आणि एक बोली करून ठेवा: कितीही वाजले, कुठेही अडकलास, तरी फोन कर, न्यायला येऊ, त्या रात्री प्रश्न नाहीत. प्रश्न दुसऱ्या दिवशी. हे मुलींनाही सांगायचं बरं का. पेनासारखी दिसणारी, फळांचा वास येणारी ई-सिगारेट, जिच्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे, ती मुलींच्या दप्तरातही निघते.

पैसे नाहीसे होणं, व्हाइटनर किंवा गोंदाचा वास येणारा रुमाल, लाल डोळे, जुने मित्र एकदम तुटणं, हे दिसलं तर घरगुती उपाय पुरे. जेवणात नकळत मिसळायच्या पुड्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत फोन आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे घरच्यांशीही बोलतात.

आणि पत्र लिहिणाऱ्या ताई, मुलाने सोडली तर पहिले दोन-तीन आठवडे तो चिडेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही. खिशात बडीशेप, भाजलेले चणे द्या, संध्याकाळी खेळायला पाठवा. तो दार आपटून आत गेला की "खाल्लीस वाटतं परत?" एवढं मात्र विचारू नका, पाण्याचा तांब्या ठेवा आणि आपल्या कामाला लागा.