सही करण्याआधी ठरवा

कंपनीला वर्षही होत नाही, तोच संस्थापकांच्या बोलण्यात ‘एक्झिट’ येऊ लागते. कंपनी विकणे यात गैर काहीच नाही. पण विकण्यासाठीच कंपनी उभी करायची, या विचाराला आमचा स्पष्ट विरोध आहे.

विक्री हेच ध्येय ठरले की ग्राहकाची गरज मागे पडते आणि संभाव्य खरेदीदाराची आवड पुढे येते. शिवाय ती विक्री आपल्या हातात नसते. ई-कॉमर्स कंपनी स्नॅपडीलने एप्रिल २०१५ मध्ये मोबाइल रिचार्जची फ्रीचार्ज ही कंपनी घेतली, तेव्हा किंमत सुमारे ४० कोटी डॉलर, म्हणजे अंदाजे २,५०० कोटी रुपये सांगितली गेली. जुलै २०१७ मध्ये तीच कंपनी ॲक्सिस बँकेला ३८५ कोटींत मिळाली. विक्रीचा मुहूर्त दोन वर्षे पुढे ढकलणाऱ्याच्या हाती सहावा हिस्साही आला नसता.

दुसरी, म्हणजे गुंतवणूकदाराची बाजूही नीट समजून घ्या. व्हेंचर फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. त्यात त्याला आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात. म्हणजे फंडाचा पैसा घेतला त्याच दिवशी, कंपनी विकण्याचे किंवा शेअर बाजारात नेण्याचे तुम्ही मान्य केलेले असते. समजा, २० कोटी उभारले आणि कंपनी २५ कोटींना विकली. लिक्विडेशन प्रेफरन्सच्या, म्हणजे गुंतवणूकदाराचा पैसा आधी परत करण्याच्या कलमानुसार आधी २० कोटी गुंतवणूकदारांचे. उरलेल्या पाच कोटींत वाटेकरी संस्थापक आणि ईसॉपवर, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या योजनेवर, भरवसा ठेवून राबलेले सहकारी.

फंडाचा पैसा घेऊनही कंपनी आपल्या हातात ठेवता येते. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकरांनी भाऊ संजय यांच्यासह क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी केली. २०१० मध्ये सिकोया या व्हेंचर फंडाचा पैसा घेतला. २०१६ च्या आयपीओत सिकोयाने आपले काही शेअर विकले. बहुतांश मालकी मात्र काटकर कुटुंबाकडेच राहिली. अँटिव्हायरसच्या परवान्याचे पैसे देणारा ग्राहक पाठीशी होता, म्हणून हे जमले.

तेव्हा टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर, सही करण्याआधी तीन उत्तरे कागदावर लिहा: गुंतवणूकदाराचा पैसा केव्हा आणि कुठून परत जाणार, कमी किमतीला विक्री झाली तर सहकाऱ्यांना काय मिळणार, आणि विक्रीला नकार देण्याचा अधिकार कोणाकडे राहणार. ग्राहकांच्या पैशातून पगार निघत असतील, तर खरेदीदार आला तरी घाई करावी लागत नाही आणि नाही आला तरी कंपनी चालते. संस्थापकाने आधी ही ताकद कमवावी. विकायचे की नाही, हे मग त्याला स्वतःला ठरवता येईल.