रूळ बदला, स्टेशनं राखा

शकुंतला या नॅरोगेज रेल्वेचा विषय निघाला की यवतमाळात दोन तट पडतात. एकाला ब्रॉडगेज हवी, जुन्या डब्यांचं कौतुक पुरे झालं. दुसरा म्हणतो, हा ऐतिहासिक ठेवा आहे, हात लावू नका. मला दोघांचंही पटतं. पहिला रुळांबद्दल बोलतोय आणि दुसऱ्याचा जीव गुंतलाय तो जुन्या स्टेशनांत. हे दोन प्रश्न वेगळे केले, तर निम्मं भांडण मिटतं.

किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मेन लाइनवर नेण्यासाठी ही अडीच फुटी लाइन टाकली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. तिथून गाठी मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला जात. त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. पुढच्या काळात तर गार्डच तिकिटं फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबे, कर्मचारी उतरून फाटक लावत, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा चढत. एसटीचं भाडं न झेपणारी माणसं याच गाडीने बाजार गाठत. आता गाडी बंद आहे आणि २०१६ मध्ये घोषणा झालेल्या गेज बदलाची वाट पाहणं चालू आहे.

सगळी लाइन आहे तशी जपा, हा आग्रह मला मान्य नाही. कालका-सिमला लाइनही अडीच फुटीच. तिला २००८ साली युनेस्कोचा दर्जा मिळाला, पण तिथे पर्यटकांची रीघ असते. दारव्हा, कारंज्याच्या माणसाला दवाखान्यात, कॉलेजात वेळेवर पोचवणारी गाडी हवी आहे. ब्रॉडगेज व्हायलाच हवी.

पण रूळ रुंद करायचे म्हणून प्रत्येक जुनी इमारत पाडायलाच हवी, असं थोडंच आहे? नागपूरच्या मोतीबागेत रेल्वेनेच नॅरोगेजचं संग्रहालय उभं केलं आहे. इथल्या स्टेशनात अभ्यासिका चालेल, कापसाच्या व्यापाराचं दालन चालेल, तिकीटघरही चालेल. दुरुस्ती मात्र जाणकाराच्या हातून व्हावी. चुन्यातल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरली जाते.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद आहे. अडचण मालकीची आहे. लाइन खासगी कंपनीची, गाडी चालवणार भारतीय रेल्वे, गाव नगर परिषदेचं. अशा त्रांगड्यात इमारत कुणाचीच उरत नाही. पुण्याच्या भिडे वाड्याचं काय झालं ते आपण पाहिलं. १८४८ साली जिथे मुलींची शाळा भरली, तो वाडा वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत खंगत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. आता स्मारक होईल, मूळ भिंती मात्र गेल्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गेज बदलाचं टेंडर निघण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी रेल्वे, नगर परिषदा आणि संवर्धनाचे जाणकार यांना एकत्र बसवून प्रत्येक स्टेशनाची पाहणी करावी. कोणती इमारत राखायची, कोणती हलवायची, कोणती पाडल्यावाचून गत्यंतर नाही, हे नकाशावर नोंदवावं आणि ती नोंद टेंडरची अट व्हावी. ब्रॉडगेजवाल्यांनी आणि वारसावाल्यांनी या एका मागणीच्या निवेदनावर एकत्र सह्या कराव्यात. काम सुरू झाल्यावर केलेल्या आंदोलनाने पाडलेली भिंत परत येत नाही.