हळदीच्या गोळीने आठवण परत येते काय?

उमरखेडच्या माणसाला हळदीचे महत्त्व आम्ही काय सांगावे! पैनगंगेकाठच्या या भागात उसाच्या आणि केळीच्या जोडीला हळद निघते. खणणे, शिजवणे, वाळवणे होईपर्यंत आमच्या मायबहिणींच्या हातांचा पिवळेपणा जात नाही. त्यामुळे हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची डबी कुणी शहरातून आणली आणि "म्हाताऱ्या माणसाची आठवण याने परत येते" असे सांगितले, की ते आपल्याला लगेच पटते. आपल्या शेतातलीच वस्तू ना! डबीची किंमत मात्र शेवटी कळते.

हा विषय थट्टेचा नाही. ज्या घरात आजी जेवून उठते आणि घटकाभराने "मला कुणी जेवायला दिले नाही" म्हणते, पोटच्या लेकाला "तू कोण बाबा?" विचारते, त्या घरची सून रात्र-रात्र जागी असते. असे घर कशावरही विश्वास ठेवील. साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा अल्झायमर या आजाराचा. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याची पहिली रुग्ण जगासमोर मांडली.

मग हळदीचे नाव यात आले कुठून? हळदीचा पिवळा रंग करक्युमिन या द्रव्याचा. अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्याने मेंदूतील घातक साका कमी झाल्याचे दिसले. त्याच सुमारास, २००१ साली, हरियाणातील बल्लभगढकडच्या खेड्यांत अल्झायमर फार कमी आढळतो असा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि भारतीय हळद खातात म्हणून वाचतात, असे ठरवून टाकले. खुद्द त्या संशोधकांनी मात्र पाहणीचा काळ थोडा आहे, निष्कर्ष जपून काढा, असे बजावले होते. आपल्याकडे तर आजीचे विसरणे 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात. मग आजार नोंदला जाणार कसा?

उंदरांनंतर माणसांवर प्रयोग झाले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात ३६ रुग्णांपैकी काहींना रोज २ किंवा ४ ग्रॅम करक्युमिन, तर काहींना औषध नसलेली गोळी दिली. २४ आठवड्यांनंतर फरक दिसला नाही. द्रव्य रक्तातच फार थोडे उतरत होते. हळदीत करक्युमिन साधारण शंभरात तीन भाग. म्हणजे २ ग्रॅमसाठी साठ-पासष्ट ग्रॅम हळद रोज खावी लागेल. कोणत्या घरच्या भाजीत ती पडते? २०१८ साली ४० माणसांच्या एका अभ्यासात खास बनवलेल्या करक्युमिनने स्मरणशक्ती थोडी सुधारली, पण त्या माणसांना स्मृतिभ्रंश नव्हताच. जाहिरातीत हे वाक्य गाळलेले असते.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द करून घेतले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ती लढाई जखमेवर लावायच्या हळदीची होती, आठवणीची नव्हे.

गिंको झाडाच्या पानांच्या अर्काचीही तीच गत. तीन हजारांवर वृद्धांना तो सुमारे सहा वर्षे देऊन पाहिला. २००८ साली निकाल आला, आजार टळला नाही. 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रोजची कामे स्वतः करण्याची ताकद जरा सावकाश घटली, एवढे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. पण अशा मात्रेने रक्तस्रावाचा धोका असतो. हळदीचा तीव्र अर्क, विशेषतः मिऱ्याच्या अर्काबरोबर, काहींच्या यकृताला बाधला आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच जपावे. भाजीतल्या हळदीला भिऊ नका, ती खुशाल खा.

डबीच्या पैशात आधी आजीचे बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या. यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. डोनेपेझिलसारखी जुनी औषधे आजार थांबवीत नाहीत, पण काहींना काही काळ आधार देतात. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब आजाराच्या सुरुवातीलाच शिरेतून देतात. त्याने घसरण थोडी मंदावते, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीतीही असते.

जगातील तज्ज्ञांनी २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यात रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, कमी ऐकू येणे आहे. आणि लहानपणी शिक्षण न मिळणे हेही आहे. आपल्या देशाच्या पाहणीतही न शिकलेल्यांत, बायांत आणि खेड्यांत हा आजार अधिक आढळला. ज्या आजीला शाळेची पायरी चढू दिली नाही, तिच्या म्हातारपणी ती उणीव अशी वसूल होते! हे ऐकून आम्हाला राग येतो.

घरात अशी डबी आधीच आली असेल तर ती फेकू नका आणि लपवूही नका. पुढच्या वेळी आजीला दवाखान्यात नेताना पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ठेवा. चालू असलेल्या बाकीच्या सगळ्या गोळ्याही सोबत न्या.