दोन लॅप जास्त मारूनही...

रेसिंग म्हटलं की हॉस्टेलवर नावं निघतात ती शूमाकर, हॅमिल्टन, वर्स्टापेन यांची. आपला माणूस म्हणून नारायण कार्तिकेयनचं. वेंडेल स्कॉट हे नाव मात्र मेकॅनिकलच्या टॉपरला विचारलं तरी येणार नाही, आणि त्यात टॉपरचा काही दोष नाही. रेस जिंकणारा एक आणि स्टेजवर ट्रॉफी घेणारा दुसराच, असं झालं की जिंकणाऱ्याचं नाव असंच हरवतं. मला आज त्या ट्रॉफीबद्दल लिहायचंय... आणि मग आपल्या वर्कशॉपबद्दल.

आधी स्टॉक कार म्हणजे काय ते सांगते. फॉर्म्युला वनची गाडी खास रेससाठीच बनवलेली असते. स्टॉक कार म्हणजे सुरुवातीच्या काळात तरी शोरूममध्ये कुणालाही मिळणारी साधी गाडी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हा खेळ वाढला, आणि त्याच्या मुळाशी होती चक्क हातभट्टीची दारू! डोंगरातल्या भट्टीवरून माल रात्रीतून शहरात पोचवायचा आणि मागे लागलेल्या पोलिसांना चकवायचं. म्हणून गाडी वरून साधी, पण आत इंजिन तगडं. मागचे पाटे जास्त ताठ केलेले, कारण भरलेली गाडी मागून दबलेली दिसली की पोलिसांना लगेच संशय यायचा. (सस्पेन्शनचा हा उपयोग आपल्या टेक्स्टबुकात नाही!) अशा गाड्या पळवणाऱ्या पोरांमध्ये रविवारी कोण भारी अशा पैजा लागायच्या. १९४८ मध्ये नासकार ही संस्था स्थापन झाली आणि या पैजांना नियम आले. पुढच्याच वर्षी, १९ जून १९४९ ला, शार्लट इथे नासकारने अगदी शोरूममधल्या गाड्यांची पहिली रेस घेतली. ग्लेन डनअवे पहिला आला. पण नंतर तपासनिसांनी गाडी खालून बघितली तर मागचे पाटे दारूवाल्या गाड्यांसारखे बदललेले! डनअवे बाद झाला आणि विजय जिम रोपरला मिळाला. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेंडेल स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावातला. तो कृष्णवर्णीय होता. शाळा अर्धवट सोडून त्याने टॅक्सी चालवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिक म्हणून युरोपात गेला. तेव्हा सैन्यातसुद्धा काळे-गोरे वेगळे ठेवलेले असत. परत येऊन त्याने गॅरेज टाकलं, आणि गॅरेजवर घर भागेना म्हणून रात्री दारूची गाडी चालवायला लागला. १९५२ मध्ये गावातल्या रेसच्या आयोजकांना तिकीट खपवण्यासाठी एक काळा ड्रायव्हर हवा होता. इथला सगळ्यात वेगवान काळा ड्रायव्हर कोण, हे त्यांनी जाऊन विचारलं ते पोलिसांना! पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं. त्याचा पाठलाग करून करून त्यांना त्याची क्वालिटी माहीत झाली होती ना!

आयोजकांच्या दृष्टीने तो गर्दी जमवायची एक गंमत होता. स्कॉट मात्र टिकला. प्रेक्षक हुर्यो करायचे, काही ट्रॅकवर त्याला गेटवरूनच परत पाठवलं जायचं, वाटेतली हॉटेलं जेवण-खोली द्यायची नाहीत. तो गाडीतच झोपायचा. वापरलेली गाडी, वापरलेले टायर, इंजिन स्वतः बांधलेलं आणि मदतीला घरची मुलं. हाताखाली माणसं कमी पडली तर पिटमध्ये स्वतः गाडीतून उतरायचा, काम करायचा आणि परत स्टिअरिंगवर बसायचा. १९५९ मध्ये तो व्हर्जिनियाचा राज्य विजेता झाला आणि १९६१ मध्ये नासकारच्या सर्वांत वरच्या गटात उतरला.

आता १ डिसेंबर १९६३ चा दिवस. गाव जॅक्सनव्हिल, राज्य फ्लोरिडा. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आणि २०० लॅप. सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरवणारा कायदा यायला अजून सात महिने होते. शेवटचे २५ लॅप राहिले असताना स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकलं. हा पेटी पुढे २०० रेस जिंकला, म्हणजे ऐरागैरा नव्हे! स्कॉटचे २०० लॅप पूर्ण झाले, पण विजयाचा झेंडा काही पडला नाही. तो पळवतच राहिला. झेंडा पडला तो बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरला, जो त्याच्यापेक्षा दोन लॅप मागे होता. बेकरने ट्रॉफी घेतली, फोटो झाले, लोक घरी गेले. स्कॉटने तक्रार केली. काही तासांनी पुन्हा मोजणी झाली आणि अधिकाऱ्यांनी मान्य केलं की जिंकला होता स्कॉट. मोजण्यात चूक झाली म्हणाले. बक्षिसाची रक्कम त्याला मिळाली, पण तोवर स्टँड रिकामे होते आणि ट्रॉफी बेकरबरोबर निघून गेली होती.

मोजण्यात चूक? त्या काळी लॅप हाताने मोजायचे, माणसं कागदावर नोंदी करायची, त्यामुळे चूक होऊ शकते हे मला मान्य आहे. लॅबमध्ये आपण ऑब्झर्व्हेशन टेबल कसं भरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण एरर दोन प्रकारचा असतो हेही पहिल्याच वर्षी शिकवतात. रँडम एरर कधी इकडे जातो, कधी तिकडे. एरर नेमका त्याच माणसाच्या विरुद्ध जात असेल, ज्याला गेटवरही अडवलं जायचं, तर त्याला सिस्टिमॅटिक एरर म्हणतात आणि तो यंत्रणेतच असतो. १९४९ मध्ये हीच संस्था गाडीच्या पोटाखाली शिरून पाट्यातला फरक ओळखू शकत होती. १९६३ मध्ये तिला डोळ्यांदेखत मारलेले दोन लॅप दिसले नाहीत. स्कॉटला स्वतःला कारण पक्कं माहीत होतं. विजेत्याला स्टेजवर एका गोऱ्या सुंदरीच्या हस्ते ट्रॉफी द्यायची प्रथा होती, आणि त्या गर्दीसमोर ते दृश्य कुणालाच नको होतं, असं त्याचं म्हणणं.

कुणी म्हणेल, उशिरा का होईना, न्याय मिळाला ना? मिळाला. २०१५ मध्ये नासकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. २८ ऑगस्ट २०२१ ला, त्याच्या शंभराव्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्या रेसची ट्रॉफी समारंभाने त्याच्या कुटुंबाला दिली गेली. पण स्कॉट तर २३ डिसेंबर १९९० लाच वारला होता! ५८ वर्षं लागली. शिवाय ट्रॉफी ही शोकेसमध्ये ठेवायची वस्तू एवढीच नसते. रेसिंगमध्ये ते व्हिजिटिंग कार्ड असतं. ट्रॉफीसकट फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला की कंपन्या विचारतात, इंजिन देतात, टायर देतात. स्कॉटला कुणी मोठा प्रायोजक मिळालाच नाही. तो ४९५ रेस पळाला, त्यांतल्या १४७ मध्ये पहिल्या दहात आला, तेही जुन्या सामानावर. १९७३ मध्ये टालाडेगाच्या भयंकर अपघातात शरीर मोडलं आणि करिअर जवळजवळ तिथेच संपलं. नवी गाडी मिळाली असती तर तो काय करू शकला असता, हे आता कुठलीच ट्रॉफी सांगू शकत नाही.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून हात झटकू नका. पळवणकर बाळू हे नाव ऐकलंय? पुण्यात क्लबच्या मैदानावर राबणारा, गोऱ्या साहेबांना नेटमध्ये तासन् तास बॉलिंग टाकणारा दलित तरुण. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर विकेट काढल्या. हिंदू संघाला त्यांची बॉलिंग हवी होती, पण चहा बाहेर आणि वेगळ्या भांड्यात. संघाचं कप्तानपद तर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. दोन्हीकडे हिशेब एकच. काम हवं, पण नाव चारचौघांत घ्यायचं म्हटलं की अडचण!

आता आपल्या वर्कशॉपकडे येऊ. फायनल इयरचे प्रोजेक्ट डोळ्यांपुढे आणा. गो-कार्ट असो, बाहाची गाडी असो, नाहीतर साधं पेडलवर चालणारं वॉशिंग मशीन असो. डिझाइन आपण करतो, कॅल्क्युलेशन आपण करतो, ठीक आहे. पण शाफ्ट लेथवर लावून मापात आणतं कोण? वेल्डिंग सुटलं की सबमिशनच्या आदल्या रात्री थांबून परत मारून देतं कोण? आपण त्यांना 'मामा' म्हणतो. प्रेमाने म्हणतो, मान्य. पण मामांचं पूर्ण नाव किती जणांना सांगता येईल? प्रोजेक्ट रिपोर्टच्या आभाराच्या पानावर प्रिन्सिपल सर, एचओडी सर, गाइड मॅडम, आईवडील अशी सगळ्यांची नावं असतात. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मदत करणाऱ्या सर्वांचे आभार.' मामा कुठे असतात? त्या 'सर्वां'मध्ये!

मी मूळची मुरुमची. तिथून उमरग्याला गेलं की सोलापूर-हैदराबाद हायवे लागतो. त्या बाजूच्या गॅरेजांत मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारे मिस्त्री आहेत. गाडी चालू करायला लावतात, कान देतात आणि कुठल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे ते सांगतात. हातात सर्टिफिकेट नाही, स्कॉटकडेही नव्हतं. आपल्याला डिग्री मिळेल, चांगलीच गोष्ट आहे. पण ज्ञान फक्त डिग्रीवाल्याच्या नावावर जमा करायचं, ही मोजणी जॅक्सनव्हिलच्या कागदासारखीच आहे.

यावर उत्तर तयार असतं: 'त्यांना त्या कामाचा पगार मिळतो की!' अहो, पैसे तर स्कॉटलाही मिळाले होते. त्या रात्री त्याला मिळालं नाही ते लोकांसमोर घेतलेलं नाव. दुसरं उत्तर असं की नावांची यादी लांबेल. लांबू दे! आपण सिनेमा संपल्यावर लाइटमनचंसुद्धा नाव पडद्यावर बघतो, त्याने हिरो लहान होत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे आणि त्याला एक रुपया खर्च नाही. एक, यंदापासून प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुठला पार्ट कुणी बनवला याचा एक तक्ता असावा, आणि त्यात वर्कशॉपमधल्या किंवा बाहेरच्या फॅब्रिकेशनवाल्यांचं पूर्ण नाव असावं. दोन, व्हायवाला आपण एक्सटर्नलना मॉडेल दाखवतो तेव्हा ते बनवणारे मामा शेजारी उभे असावेत, दाराबाहेर चहा सांगायला नव्हे. तीन, गॅदरिंगमध्ये बेस्ट प्रोजेक्टचं बक्षीस जाहीर होईल तेव्हा त्यांचंही नाव माइकवरून घेतलं जावं आणि त्यांना स्टेजवर बोलवावं. सर आणि मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर तक्त्याचा फॉरमॅट आमचा वर्ग करून द्यायला तयार आहे.

नंतर कधीतरी, निरोप समारंभात शाल-नारळ देऊन, हे करता येणार नाही असं नाही. पण तेव्हा समोर वेगळी बॅच बसलेली असेल, आणि शाफ्ट कुणाचा होता हे तिला माहीत नसेल.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी